मेंदूतून हाताकडे जाणारी वाट



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा संपाच्या आठवणी, फार तर नवे कामगार कायदे, असे काही तरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय दिला तो असा : सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या मेंदूतील हालचालीच्या वाटा माणसाला दिसू लागल्या, त्याचा इतिहास. चालक जरा घोटाळ्यात पडले. आपण डॉक्टर नव्हेत, हे त्यांनी मला अत्यंत सभ्यपणे सुचवून पाहिले. त्यांचे म्हणणे खरे आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंत शाळेत आणि त्यापुढे नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. इंग्रजी मी शिकलो ते कामगार कायद्याची पुस्तके समोर आणि शब्दकोश मांडीवर ठेवून.

तरी या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे मी समजतो. गेली तीस वर्षे यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत माझे निम्मे आयुष्य चौकश्यांत गेले. कारखान्यात कुणाचा हात सापडला की चौकशी बसते, आणि पहिल्या तासाभरातच निकाल तयार असतो : कामगाराचा निष्काळजीपणा. यंत्र उघडून पाहिलेले नसते, पट्टा कुठे तुटला हे कुणी विचारलेले नसते, परंतु आरोपी मात्र ठरलेला असतो. मी आज सांगणार आहे तीही एक चौकशीच आहे. ती जवळजवळ पावणेदोनशे वर्षे चालली आहे. तिच्यात आरोपी वारंवार बदलले, आणि यंत्र उघडून पाहण्याची सोय मात्र अगदी अलीकडे झाली.

सेरेब्रल पाल्सी हा एक आजार नव्हे, ते अनेक अवस्थांचे एक नाव आहे. गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काळात, म्हणजे मेंदूची घडण चालू असताना, त्याला इजा होते किंवा ती घडणच बिघडते. इजा पुढे वाढत नाही. परंतु मूल वाढते आणि तसा तिचा परिणाम वेगवेगळ्या रूपांनी दिसत राहतो. कुणाचे दोन्ही पाय ताठ असतात, कुणाची एक बाजू अधू, कुणाचे सारे अंग आपल्या इच्छेविरुद्ध वळते. बुद्धीला धक्का लागलेलाच असतो असे मुळीच नाही. पुष्कळदा जीभ वळत नाही म्हणून आपण त्या मुलाला मतिमंद ठरवून मोकळे होतो, आणि आत बसलेला एक शहाणा माणूस आपले ऐकत असतो.

माझी धाकटी बहीण १९७६ साली जन्मली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. दिवस पूर्ण भरलेले होते. बाळंतपण घरीच झाले आणि ते रात्रभर लांबले. सुईण आमच्याच गल्लीतली. तिला सगळे आक्का म्हणत. मुलगी पाच-सहा महिन्यांची झाली तेव्हा ध्यानात आले की ती खुळखुळा डाव्याच हाताने घेते. उजवी मूठ मिटलेलीच असते. मग घरात चौकशी सुरू झाली. आजीचे म्हणणे, सुनेने ग्रहण पाळले नाही, विळी हातात घेतली. वडिलांचे म्हणणे, सुईणीने मूल ओढताना इजा केली. आई त्या वेळी कांडी भरण्याच्या यंत्रावर काम करी. तिचे स्वतःचे म्हणणे, मी आठव्या महिन्यापर्यंत कांडीवर बसले, माझेच चुकले. शेवटी दोष आक्काच्या माथी आला. गल्लीतल्या बायांनी तिला बोलावणे बंद केले. समोरासमोर घरे असून माझी आई आणि ती पुढे बोलल्या नाहीत. एवढे घरचे सांगून मी इतिहासाकडे वळतो. घराकडे मला पुन्हा यायचे आहे.

या चौकशीचा पहिला मोठा कागद लंडनचा आहे. विल्यम जॉन लिटल हा १८१० साली जन्मलेला डॉक्टर. त्याचे आईबाप खाणावळ चालवीत. लहानपणी झालेल्या आजाराने त्याचे एक पाऊल वाकडे झाले होते. ते सुधारण्यासाठी तो जर्मनीत हॅनोव्हरला स्ट्रोमायर या शल्यवैद्याकडे गेला, १८३६ साली शस्त्रक्रिया करून घेतली, ती विद्या शिकला आणि लंडनला परतून अपंगांसाठी रुग्णालय काढले. स्वतः लंगडलेला माणूस लंगडणाऱ्या मुलांकडे अधिक बारकाईने पाहतो, यात नवल नाही. १८४३ पासून त्याने ताठ अवयवांच्या मुलांविषयी व्याख्याने दिली आणि १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे आपला प्रसिद्ध निबंध वाचला. अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः श्वास न घेणे, यांचा आणि पुढील अपंगत्वाचा संबंध त्याने मांडला. पुष्कळ वर्षे या अवस्थेला लिटलचा रोग असेच म्हणत. त्याचे काम थोर होते. परंतु त्याचा एक परिणाम असाही झाला की संशयाचे बोट जन्माच्या घटकेकडे वळले ते वळलेच.

विल्यम ऑस्लर याने १८८९ साली फिलाडेल्फियात १५१ मुलांच्या नोंदी एकत्र करून पुस्तक छापले. त्यानंतर या चौकशीत साक्षीला आला तो व्हिएन्नाचा एक तरुण मज्जाविकारतज्ज्ञ, सिग्मंड फ्रॉइड. मनोविश्लेषणामुळे ज्याचे नाव आपणांस माहीत आहे, तोच हा. १८९७ साली त्याने मुलांच्या मेंदूजन्य पक्षाघातावर मोठा ग्रंथ लिहिला आणि लिटलच्या मताला एक साधी शंका घातली. अवघड बाळंतपणातून जन्मलेली कितीतरी मुले ठणठणीत असतात. मग असे तर नसेल, की ज्या मुलाला गर्भातच काही तरी झाले आहे, त्याचे बाळंतपण त्यामुळेच अवघड जाते? म्हणजे ज्याला आपण कारण म्हणतो, तेच परिणाम असेल. चौकशीच्या कामात मुरलेल्या माणसाला या प्रश्नाचे मोल लगेच कळते. यंत्र बिघडलेले होते म्हणून कामगाराचा हात घसरला, की हात घसरला म्हणून यंत्र बिघडले? परंतु फ्रॉइडपाशी शंका होती, पुरावा नव्हता. जिवंत मुलाच्या कवटीत त्याला पाहता येत नव्हते.

आता दुसरा धागा हाती घेऊ. हात हलवण्याचा हुकूम मेंदूतून हातापर्यंत जातो कोणत्या वाटेने? एका बाजूच्या डोक्याला मार बसला की दुसऱ्या बाजूचे अंग लुळे पडते, हे वैद्यांना प्राचीन काळापासून ठाऊक होते. १७१० च्या सुमारास फ्रान्सच्या सैन्यातील पूरफूर द्यु पेती या डॉक्टरने मेंदूच्या तळाशी तंतू एकमेकांना ओलांडून जातात हे नोंदवले. व्हिएन्नात लुडविग ट्यूर्क याने १८५१ पर्यंत मेलेल्या रोग्यांच्या मेंदूचे आणि मज्जारज्जूचे काप तपासले. मेंदूत जिथे इजा होती तिथपासून खाली, मज्जारज्जूत दूरपर्यंत, तंतूंची एक पट्टी सुकत गेलेली त्याला आढळली. झाडाचे मूळ तुटले की फांदी वाळते, त्याप्रमाणे तो वाळलेल्या फांदीवरून मुळाकडे गेला. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हित्झिग या दोघांनी, प्रयोगशाळा मिळेना म्हणून हित्झिगच्या घरीच, कुत्र्याच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून पाहिला. मेंदूच्या पुढच्या भागात एका ठिकाणी स्पर्श केला की समोरच्या बाजूचा पंजा हले. हुकूम निघतो ते कार्यालय सापडले. १८७६ साली लाइपझिगच्या फ्लेक्सिग याने, मुलाच्या वाढीबरोबर तंतूंवर चरबीचे पांढरे वेष्टण कोणत्या क्रमाने चढते ते पाहून, ही वाट वेगळी ओळखली.

ही वाट म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे दहा लाख तंतूंचा जुडगा. मेंदूच्या वरच्या थरातून तो निघतो, आत एका अरुंद खिंडीतून जातो, मानेच्या वर त्यातले बहुतेक तंतू बाजू बदलतात, आणि मग मज्जारज्जूतून उतरून हातापायांच्या मज्जापेशींशी जोडले जातात. आमच्या धंद्यात वहिफणी कामगार असतो. बीमवरचे हजारो धागे एकेक करून वहीतून आणि फणीतून ओवायचे हे त्याचे काम. एक धागा चुकला तर कापडात वरपासून खालपर्यंत रेघ पडते. ट्यूर्कने पाहिली ती अशी पडलेली रेघ होती. मात्र त्याच्या पद्धतीत एक मोठी उणीव होती. ही रेघ पाहायला माणूस मरावा लागे.

मुलांच्या बाबतीतही तेच झाले. रुडॉल्फ फिर्को याने १८६७ साली मेलेल्या नवजात बालकांच्या मेंदूत फिकट मऊ ठिपके वर्णिले होते. १९६२ साली बँकर आणि लारोश या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी बालकांच्या शवांचा बारकाईने अभ्यास करून, मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांलगतचा पांढरा भाग कसा मरतो ते दाखवले. त्याला पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया असे लांबलचक नाव आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हा भाग फार नाजूक असतो, आणि पायांकडे जाणारे तंतू पोकळीच्या अगदी जवळून जातात. म्हणून अशा मुलांचे हातांपेक्षा पाय अधिक ताठतात. उत्तर सुरेख होते, पण तेही शवागारातून आलेले.

जिवंत माणसाच्या डोक्यात पाहण्याची धडपड या काळात चालूच होती. १८९५ साली राँटजेनने क्ष-किरण शोधले, पण त्यात कवटी दिसे, मेंदू दिसत नसे. १९१९ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी याने मज्जारज्जूतील पाणी काढून त्या जागी हवा भरण्याची युक्ती काढली. हवेमुळे मेंदूतल्या पोकळ्यांचा आकार क्ष-किरणांत उमटे. तपासणीनंतर रोग्याचे डोके असह्य दुखे, ओकाऱ्या होत. इतके सोसून दिसे काय, तर पोकळीची कड. तंतूंचा पत्ता नाही.

पुढचे पाऊल टाकणारे दोन इंग्रज माझ्या विशेष जिव्हाळ्याचे आहेत. पहिला गॉडफ्री हाउन्सफील्ड. शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पदवी नाही, एका तंत्रशाळेची पदविका तेवढी. तो ईएमआय कंपनीत काम करी, म्हणजे आपल्या घरोघरच्या तबकड्यांवर कुत्र्याचे चित्र असे, त्या हिज मास्टर्स व्हॉइसच्या मालक कंपनीत. डोक्याभोवती सर्व बाजूंनी क्ष-किरण फिरवायचे आणि मिळालेल्या हजारो आकड्यांवरून संगणकाकडून आतला काप मांडून घ्यायचा, ही त्याची कल्पना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका बाईच्या डोक्याचे पहिले चित्र निघाले. चित्र कसले, आडवे ८० आणि उभे ८० चौकोन. पण त्यात मेंदूतील गाठ स्पष्ट दिसली. हे सीटी स्कॅन. याच गणिताचा स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या अ‍ॅलन कॉर्मॅक याच्याबरोबर १९७९ साली हाउन्सफील्डला नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा पीटर मॅन्सफील्ड. शाळा पंधराव्या वर्षी सुटली आणि हा मुलगा छापखान्यात कामाला लागला. रात्रीच्या वर्गांत शिकत शिकत पुढे तो नॉटिंगहॅमला पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणूंना मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओलहरींनी डिवचले की ते उलट संदेश देतात. त्या संदेशांवरून चित्र कसे काढावे हे अमेरिकेतील पॉल लॉटरबर याने १९७३ साली दाखवले. त्याचा तो निबंध मासिकाने आधी नाकारला होता. मॅन्सफील्डने ते चित्र भराभर काढण्याचे गणित दिले. दोघांना २००३ साली नोबेल मिळाले. हेच एमआरआय. यात क्ष-किरण नाहीत, आणि मेंदूचा पांढरा व करडा भाग वेगवेगळा दिसतो. याच सुमारास, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून, नवजात बाळाची टाळू भरलेली नसते तिथून सोनोग्राफीने आत पाहण्याची पद्धतही सुरू झाली. आपल्या आज्या ज्या टाळूवर तेल घालीत, ती टाळू डॉक्टरांची खिडकी झाली.

आता चौकशीला खरे कागद मिळू लागले. मेंदूची घडण ज्या महिन्यात जिथवर आलेली असते, त्याप्रमाणे इजेचे रूप बदलते. गर्भाच्या पहिल्या निम्म्या काळात बिघाड झाला तर मेंदूची रचनाच निराळी होते. साधारण चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यांत पोकळीलगतचा पांढरा भाग जातो. दिवस भरल्यानंतर प्राणवायू तुटला तर आतल्या करड्या गाठी दुखावतात. म्हणजे चित्राला तारीख असते. भिंतीच्या कोणत्या थरात तडा आहे यावरून गवंडी सांगतो की तडा बांधताना पडला की नंतर, तसेच हे.

१९८६ साली अमेरिकेत कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी सुमारे ५४ हजार गर्भारपणांच्या नोंदी तपासून दाखवले की बाळंतपणातील गुंतागुंतीवरून सेरेब्रल पाल्सीचा उलगडा थोड्याच मुलांच्या बाबतीत होतो. फ्रॉइडच्या शंकेला नव्वद वर्षांनी बळ मिळाले. २००६ साली युरोपातील आठ केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३५१ मुलांचे एमआरआय होते. ४२.५ टक्के मुलांत पांढऱ्या भागाची ती अकाली इजा दिसली, १२.८ टक्क्यांत आतल्या गाठींची, ९.१ टक्क्यांत रचनेतला बिघाड, आणि ११.७ टक्के मुलांचे चित्र निर्दोष आले. हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवा. मूल समोर अडखळत चालते आहे आणि चित्र सांगते, काही नाही. तेव्हा चित्र कोरे आहे म्हणून मुलाला खोटे ठरवू नये.

मात्र बाळंतपणातील हयगय आता माफ झाली, असा अर्थ कुणी काढू नये. वेळेवर गाडी न मिळालेली बाळंतीण, श्वास न घेणारे बाळ, दुर्लक्षित राहिलेली तीव्र कावीळ, यांनी मेंदूला इजा होते आणि ती टाळता येते. प्रश्न एवढाच, की प्रत्येक वेळी आरोपी तोच नसतो.

एमआरआयने इजेची जागा दाखवली. पण वाट? पांढरा भाग चित्रात सपाट पांढरा दिसतो. त्यातला कुठला धागा हाताकडे जातो आणि कुठला डोळ्याकडे, ते कळत नाही. त्याचे उत्तर पाण्याने दिले. रॉबर्ट ब्राउन याने १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले कण सतत नाचताना पाहिले होते. १९०५ साली आइन्स्टाइनने त्या नाचाचे गणित मांडले. मेंदूतील पाण्याचे कणही असेच भटकतात. विसाव्या हिश्श्याच्या सेकंदात सुमारे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. आता कल्पना करा : मैदानात सभा सुटली तर माणसे चहूकडे पांगतात; चाळीच्या लांब व्हरांड्यात तीच माणसे फक्त लांबीच्या दिशेने जाऊ शकतात. तंतूंच्या जुडग्यात पाण्याची गत या व्हरांड्यासारखी असते. तंतूच्या लांबीने ते सहज सरकते, आडवे जाताना अडते.

पॅरिसच्या डेनी ल बिहाँ याने १९८५-८६ साली एमआरआयमधून पाण्याच्या या भटकण्याची चित्रे काढली. १९९४ साली पीटर बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहाँ यांनी त्याला नीट गणिती रूप दिले. निदान सहा दिशांनी मोजमाप घ्यायचे आणि प्रत्येक ठिपक्यात पाणी कुठल्या दिशेने अधिक धावते ते काढायचे. १९९९ साली सुसुमु मोरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठिपक्यामागून ठिपका जोडीत उंदराच्या मेंदूतील तंतूंची वाट रेखून दाखवली. या चित्रांना रंग देण्याचा रिवाज आहे : डावी-उजवीकडे जाणारे तंतू तांबडे, मागे-पुढे जाणारे हिरवे, वर-खाली जाणारे निळे. हाताकडे येणारा हुकूम निळ्या वाटेने उतरतो. ट्यूर्कला जे पाहण्यासाठी शवागारात जावे लागे, ते आता निजलेल्या मुलात दिसू लागले.

आणि दिसू लागताच एक धक्का बसला. २००२ साली बाल्टिमोरमध्ये अलेक्झांडर हून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या दोन मुलांची अशी चित्रे प्रसिद्ध केली. पाय ताठ, तेव्हा हुकमाची उतरती वाट तुटलेली असणार, ही शंभर वर्षांची समजूत. प्रत्यक्षात ती वाट बरीचशी शाबूत दिसली, आणि बारीक झाली होती ती संवेदना वर नेणारी वाट. म्हणजे कार्यालयातून हुकूम जात होता, पण खालची खबर वर पोहोचत नव्हती. संघटनेत काम करणाऱ्याला हा प्रकार नवा नाही. जिथे खालचे गाऱ्हाणे वर जात नाही, तिथला हुकूमही धड पाळला जात नाही. पुढे २००९ साली अधिक मुलांवर केलेल्या त्यांच्या अभ्यासातही संवेदनेच्या वाटेचे महत्त्व दिसून आले. व्यायाम देणाऱ्याने केवळ स्नायूंकडे न पाहता स्पर्शाकडेही पाहावे, ही त्यातली शिकवण.

माझ्या बहिणीच्या हाताकडे आता येतो. लहानपणी तिची एक खोड होती. डाव्या हाताने ती कणीक मळू लागली की उजव्या हाताची बोटेही आपोआप मिटत-उघडत. मास्तरांना वाटे, ही सोंग करते; उजवा हात हलतो तर त्याने लिहीत का नाही? त्यापायी तिने छड्या खाल्ल्या. या खोडीचा अर्थ मला पन्नाशीजवळ आल्यावर वाचनालयात कळला. १९८५ साली शेफील्डच्या अँथनी बार्कर याने डोक्याबाहेर चुंबकीय वेटोळे धरून मेंदूला चेतवण्याचे यंत्र केले. योग्य जागी धरले की हाताचा अंगठा उडतो. वाट चित्रात दिसते, आणि तिच्यावरून निरोप खरोखर जातो की नाही ते या यंत्राने कळते. न्यूकॅसलच्या जॅनेट आयर यांनी दाखवले की जन्माच्या वेळी मेंदूच्या प्रत्येक अर्धातून दोन्ही हातांकडे तंतू गेलेले असतात. पुढे दोन्हींत चढाओढ लागते आणि त्याच बाजूचे तंतू मागे हटतात. पण एक अर्ध लवकर दुखावला, तर चढाओढीत दुसऱ्याला प्रतिस्पर्धीच उरत नाही, आणि निरोगी अर्ध दोन्ही हातांचा कारभार आपल्याकडे ठेवतो. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या मार्टिन श्टाउट यांनी २००२ साली चित्र आणि चुंबक दोन्ही वापरून अशी माणसे तपासली. एकाच कार्यालयातून दोन्ही हातांना हुकूम, म्हणून एक हलला की दुसरा हलतो. ते सोंग नव्हते. दोन बिऱ्हाडे एका चुलीवर चालवण्याची मेंदूने केलेली सोय होती ती.

२०१४ साली बहिणीला एकाएकी फेफरे आले म्हणून डॉक्टरांनी एमआरआय करवला. डाव्या अर्धात, पाण्याच्या पोकळीला लागून, एक रिकामी जागा होती. डॉक्टरांनी तिला विचारले, दिवस भरून जन्मलात का? हो म्हटल्यावर ते म्हणाले, मग ही इजा जन्माच्या वेळची नव्हे. अशी खूण साधारण आठवा महिना संपण्याच्या आत, गर्भातच झालेल्या इजेची असते. बहुधा लहानशा शिरेत रक्त अडले असावे. त्यात कुणाच्या हाताचा संबंध नाही.

मी घरी येऊन आईला सांगितले. ती पासष्टीच्या पुढे होती. पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे आक्काला उगाच बोल लावला आपण.” आक्का जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

एक कबुली मला दिली पाहिजे. आरोपी शोधण्याच्या सवयीने मी डॉक्टरांना विचारले होते, आई कांडीवर बसे, उभ्याने-बसून दहा-दहा तास काम, त्याने हे झाले असेल का? माझ्या मनात मालकाचे नाव तयार होते. डॉक्टर म्हणाले, चित्र केव्हा झाले ते सांगते. का झाले ते सांगत नाही. मला ते उत्तर आवडले नाही, पण मी ते स्वीकारले. गर्भार बाईला विश्रांती आणि रजा मिळालीच पाहिजे. त्यासाठी मी उद्याही भांडेन. पण त्या मागणीला माझ्या बहिणीचे चित्र साक्षीला आणणार नाही, कारण ते तसे बोलत नाही. मालकाने खोटा पुरावा आणला की आपण ओरडतो. तो आपण आणला तर चालेल काय?

या चित्रांच्या मर्यादाही सांगतो. रंगीत दोऱ्यांसारखे दिसते ते प्रत्यक्ष तंतू नव्हेत; पाण्याच्या धावेवरून संगणकाने बांधलेला अंदाज आहे तो, आणि दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथे तो चुकू शकतो. मुलाला यंत्रात निश्चल राहावे लागते; लहान मुलाला त्यासाठी झोपेचे औषध द्यावे लागते. तंतूंच्या वाटा रेखणे हे आजही बहुतांशी संशोधनाचे काम आहे. साधा एमआरआय तेवढा रोजच्या वापरात आहे. आणि वाट बारीक दिसली म्हणून मूल चालणार नाही, असे चित्रावरून कुणी छातीठोकपणे सांगू नये. सरावाच्या अभ्यासांत वाट एका बाजूची असो वा दुसऱ्या, दोन्ही प्रकारच्या मुलांचे हात सुधारलेले आढळले आहेत.

उलट, एक तपासणी अशी आहे जिला यंत्र लागत नाही. हाइन्झ प्रेख्टल या वैद्याने तान्ह्या बाळांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली न्याहाळण्याची पद्धत बसवली. बाळाला उताणे निजवायचे आणि शिकलेल्या नजरेने काही मिनिटे पाहायचे. २०१७ साली तज्ज्ञांच्या एका गटाने सारे अभ्यास एकत्र मांडले. वयाच्या पाच महिन्यांच्या आत, पुढे सेरेब्रल पाल्सी होणाऱ्या शंभर मुलांपैकी एमआरआयने ८६ ते ८९ मुले ओळखता येतात, आणि या नुसत्या पाहण्याने ९८. दोन्ही जोडीने केले तर उत्तम. कोट्यवधींचे यंत्र गावात नसले, तरी शिकवून तयार केलेली नजर गावात असू शकते. मेंदू कोवळा असतो तोवर सरावाला जे फळ येते ते पुढे येत नाही, म्हणून लवकर ओळखण्याला मोल आहे. माझी बहीण सात वर्षांची होईतो आम्ही फक्त देव केले.

आपल्या राज्यातही काही लोकांनी वेळीच काम सुरू केले होते. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापून अशा मुलांसाठी शाळा काढली. तिची वार्ता आमच्या गल्लीपर्यंत पोहोचली नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा उल्लेख आहे. कायदा आहे, परंतु प्रमाणपत्रासाठी तालुक्याहून जिल्ह्याला तीन खेपा घालणाऱ्या बापाची तीन दिवसांची मजुरी कापली जाते, हे मी माझ्या टेबलाशी रोज ऐकतो. ज्यांच्या नावावर ईएसआयचे कार्ड नाही, त्यांना एमआरआयची पावती उधारीवर फाडावी लागते.

बहीण आज आमच्या संघटनेच्या वर्गणीच्या पावत्या लिहिते, डाव्या हाताने. उजवा हात टेबलावर कागद दाबून धरतो आणि त्याची बोटे डाव्याबरोबर किंचित हलत असतात. नवे कामगार कधी कधी टक लावून पाहतात. ती त्यांना आता स्वतःच समजावते, आणि माझ्यापेक्षा थोडक्यात समजावते.

आपल्या गल्लीत असे मूल असेल तर आपणांस दोन गोष्टी करता येतील. सहा महिन्यांचे बाळ एकच हात वापरते आहे, मूठ उघडत नाही, असे दिसले तर होईल आपोआप म्हणून थांबू नका, दवाखान्यात न्या. आणि तोवर त्याच्या आईला, तिच्या सासूला, किंवा त्या सुईणीला कोणताही निकाल ऐकवू नका. चौकशी पुरी होण्याआधी लागलेला निकाल पुढे खोटा ठरला, तरी ज्याला तो भोगावा लागला त्याचे दिवस परत येत नाहीत.